लॅम्ब्रेटा घ्यावी की व्हेस्पा?

ज्या घरात आजवर एक सायकल आणि दोन छत्र्या एवढाच काय तो वाहतुकीचा सरंजाम होता, त्या घरात पहिली स्कूटर येणे ही गेल्या शतकातील मध्यमवर्गीय संसाराची केवढी मोठी घटना होती, हे आजच्या तरुण वाचकांस सांगून कदाचित पटावयाचे नाही. आज दुकानात जावे, रंग निवडावा, हप्ते ठरवावे, आणि थोड्याच दिवसांत गाडी दारात आणून उभी करावी. १९६० नंतरच्या दशकात तसे नव्हते. त्या काळी स्कूटर म्हणजे वर्षानुवर्षांची बचत, वडीलधाऱ्यांचा सल्ला, कचेरीतल्या मित्रांशी खल आणि रात्री जेवणे आटोपल्यावर नवराबायकोंत हलक्या आवाजात चाललेला हिशेब. बेळगाव असो, बडोदे असो, इंदूर असो, त्या हिशेबाच्या शेवटी प्रश्न एकच उरे : लॅम्ब्रेटा घ्यावी की व्हेस्पा?

हा प्रश्न आता इतिहासजमा झाला असे म्हणावे, तर तेही पूर्णपणे खरे नाही. आजोबांची पडवीत धूळ खात पडलेली गाडी बाहेर काढून, तिला नवा रंग देऊन, तिच्यावरूनच कामावर जाण्याचा हट्ट धरणारे नातू आम्ही पाहत आहोत. तेव्हा या दोन यंत्रांत खरा फरक कोणता होता, रोज कामावर ये-जा करणाऱ्या संसारी माणसास त्यांतले कोणते अधिक सोयीचे, आणि अखेरीस निवड कोणी केली, याविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले. आमचे स्वतःचे मतही आम्ही झाकून ठेवणार नाही.

दोन्ही गाड्यांचे माहेर इटली. दुसऱ्या महायुद्धाने त्या देशाची जी दैना केली, तिच्यातूनच या दोघींचा जन्म झाला. पिसा शहराजवळ पोंतेदेरा येथे पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. तो बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, आणि युद्ध संपल्यावर विमाने बांधण्यास वावही उरला नाही. रस्ते फुटलेले, पेट्रोल दुर्मिळ, लोकांच्या खिशात पैसा नाही. अशा वेळी सामान्य माणसास परवडेल असे एखादे वाहन काढावे, असे कारखान्याचे मालक एन्रिको पियाज्जो यांच्या मनात आले, आणि त्यांनी ते काम कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्यावर सोपवले. दास्कानिओ हे मोटारसायकलीचे कारागीर मुळीच नव्हते. ते विमानविद्येतले, १९३० साली हेलिकॉप्टर उडवून दाखवणारे गृहस्थ. इतकेच नव्हे, तर मोटारसायकल हे वाहन त्यांना मनापासून नावडते होते. पाय फाकून बसावे लागते, चेनचे काळे वंगण कपड्यांस लागते आणि पंक्चर झाले म्हणजे चाक काढता काढता जीव मेटाकुटीस येतो, या त्यांच्या तक्रारी. त्यांनी प्रत्येक तक्रारीचे निवारण केले. पाय जोडून बसता येईल अशी मोकळी जागा पुढे ठेवली, इंजिन मागच्या चाकालाच जोडून चेन काढून टाकली, आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. एप्रिल १९४६ मध्ये या गाडीचे पेटंट नोंदवले गेले. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. मागची फुगीर अंगलट, मधली बारीक कंबर आणि इंजिनाची गुणगुण ध्यानात घेता हे नाव किती अचूक आहे!

लॅम्ब्रेटाची कुळकथा निराळी. फेर्दिनांदो इन्नोचेंती हे पोलादी नळ्यांच्या धंद्यातले मोठे कारखानदार. त्यांचा कारखाना मिलान शहराच्या लांब्राते भागात होता आणि जवळून लांब्रो नदी वाहत होती. त्या नावावरूनच १९४७ साली निघालेल्या गाडीचे नाव लॅम्ब्रेटा पडले. सुताराला लाकूड दिसते आणि लोहाराला लोखंड, असे जे म्हणतात त्याचा प्रत्यय येथे येतो. विमान बांधणाराने व्हेस्पा विमानासारखीच बांधली. तिला आत निराळा सांगाडा नाही. साच्यात दाबून वाकवलेला पत्रा हीच तिची कातडी आणि तेच तिचे हाड. नळ्या करणाराने लॅम्ब्रेटाला नळीचा सांगाडा दिला आणि त्यावर पत्र्याची झाकणे बसवली. पुढे या दोन गाड्यांविषयी जे जे वाद झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका फरकात आहे.

रस्त्यावरील वागणुकीत मात्र दुसरा एक फरक अधिक जाणवतो. व्हेस्पाचे इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला बसवलेले असते. यामुळे रचना सुटसुटीत झाली खरी, परंतु गाडीचा तोल कायमचा एका बाजूस झुकला. जुना व्हेस्पावाला आपल्या नकळत किंचित डावीकडे रेलून बसतो. लॅम्ब्रेटाचे इंजिन मधोमध, आडवे निजवलेले. तिची लांबीही थोडी अधिक आणि बांधणी जमिनीला धरून. त्यामुळे सरळ लांब रस्त्यावर, मागे माणूस बसलेले असताना, ती अधिक स्थिर चाले. त्यातच १९६० नंतर प्रसार पावलेल्या एलआय जातीच्या लॅम्ब्रेटाची चाके १० इंची, तर आपल्याकडे बनू लागलेल्या १५० जातीच्या व्हेस्पाची ८ इंची. दोन इंचांत असे काय मोठे आहे, असे कोणी म्हणेल. त्याने पहिल्या पावसानंतर बेळगावच्या एखाद्या गल्लीतून दोन्ही गाड्या हाकून पाहाव्या. ज्या खड्ड्यावरून मोठे चाक कुरकुरत का होईना पार होते, त्यात लहान चाक पुरते उतरते, आणि मग पाठीच्या कण्याला त्याची वार्ता लागते. ओल्या डांबरावर मागचा ब्रेक जोराने दाबला आणि चाक सुटले, तर एका अंगाला जड असलेली गाडी सावरणे अधिक अवघड, हे निराळे सांगावयास नकोच.

एवढे वाचून लॅम्ब्रेटाचे अभिमानी वाचक मान डोलवतील. त्यांनी थोडे थांबावे. रोजचा प्रवास म्हणजे काही नुसते धावणे नव्हे. सकाळी गाडी चालू करणे, वाटेत बंद पडल्यास दुरुस्त करणे, टायर बसल्यास बदलणे, संध्याकाळी घराच्या अरुंद बोळात ती उचलून आत घेणे, हे सर्व त्यात येते. आणि येथे व्हेस्पाचा पक्ष भारी आहे.

पंक्चरचेच उदाहरण घ्या. त्या काळच्या रस्त्यांवर बैलांच्या नालांचे खिळे मुबलक पडलेले असत, आणि आठ-पंधरा दिवसांतून एखादे पंक्चर झाले नाही तर चालकास चुकल्याचुकल्यासारखे वाटे. व्हेस्पाचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे मोटारीच्या चाकाप्रमाणे चार-पाच नट सोडले की हातात येते. मागच्या चाकाचीही तीच तऱ्हा, आणि दोन्ही चाके एकमेकांच्या जागी चालतात. पाठीमागे स्टेपनी लावलेली असतेच. कचेरीचे शुभ्र कपडे घातलेला कारकूनही दहा-पंधरा मिनिटांत चाक बदलून, हात पुसून पुढे निघू शके. लॅम्ब्रेटाचे मागचे चाक असेच निघे, परंतु पुढचे चाक दोन दांड्यांच्या मध्ये धरलेले. त्याकरिता आस सैल करणे आणि चाक खाली उतरवणे हा उपद्व्याप आला. भर पावसात, खांद्यावर डब्याची पिशवी आणि डोळ्यांपुढे हजेरीपुस्तकावरची तांबडी रेघ असताना या फरकाचे महत्त्व जे कळते, ते कारखान्याच्या माहितीपत्रकात कोठेच छापलेले नसते.

दुरुस्तीच्या बाबतीतही असेच. व्हेस्पाचे इंजिन, गिअर आणि चाक हे एकाच गड्ड्यात, मध्ये ना चेन ना दांडा. जेवढे भाग कमी, तेवढी बिघडण्याची ठिकाणे कमी. एलआय लॅम्ब्रेटात इंजिनापासून मागे शक्ती पोहोचवणारी दुपदरी चेन होती. ती पेटीत, तेलात बुडालेली असल्यामुळे कपड्यांस लागत नसे हे खरे, परंतु काही वर्षांनी ती सैल पडली म्हणजे तिचा खडखडाट सुरू होई, आणि मग पेटी उघडल्यावाचून गत्यंतर नसे. याच्या उलट बाजूही नमूद केली पाहिजे. लॅम्ब्रेटाची दोन्ही बाजूंची झाकणे काढली की यंत्र दोहोंकडून उघडे पडते, आणि मिस्त्रीस हात घालावयास ऐसपैस जागा मिळते. अपघाताच्या बाबतीत तर लॅम्ब्रेटा उजवी. एखाद्या टांग्याची धडक बसून तिचे झाकण चेपले, तर झाकण बदलले म्हणजे काम झाले. व्हेस्पाचा पत्रा हाच तिचा सांगाडा असल्यामुळे तो जोराने वाकला की गाडीची चालच वाकडी होते. पावसाळी मुलुखात तिचा आणखी एक वैरी म्हणजे गंज. पायदानाखाली चिखल साचून पत्रा आतून खाऊ लागला तर ती शोभेची हानी नव्हे. तेथे हाडालाच वाळवी लागलेली असते.

केबली मात्र दोघींच्याही तुटत. गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या मुठीत, आणि मुठीतून मागे जाणाऱ्या त्या तारा नेमक्या चौकात दगा देत. म्हणून शहाणा माणूस एक जादा केबल, एक प्लग, पाना आणि चिंधी एवढे सामान डिक्कीत ठेवूनच घराबाहेर पडे. पेट्रोलात ऑइल मिसळावे लागे. पंपावरचा पोऱ्या मापाने ऑइल ओतत असता नजर चुकवून ते कमी घालतो की काय, हे पाहण्यासाठी मालक टाकीवर वाकून उभा राही. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त पडले तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. रात्रीचा दिवा इंजिनाच्या गतीवर अवलंबून असल्याने वळणावर वेग कमी केला की उजेडही मंदावे. म्हणजे ज्या ठिकाणी दिसणे सर्वांत आवश्यक, तेथेच अंधार! थंडीतल्या सकाळी गाडी एका अंगाला कलंडवून, पेट्रोल कार्ब्युरेटरात उतरवून, मग किक मारावयाची हा विधी तर आळीतल्या पोरांनाही पाठ होता.

आतापर्यंत आम्ही चालकाचाच विचार केला. परंतु स्कूटर घेणारा एकटा असला, तरी बसणारे एकटे नव्हते. पुढे हँडल धरून उभा असलेला थोरला मुलगा, मागे एका बाजूस पाय सोडून बसलेली पत्नी आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल, असे चौघांचे कुटुंब रविवारी सकाळी चर्चकडे निघालेले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, आणि काहींनी त्या पुढच्या जागेवर उभे राहून वारा खाल्लाही असेल. त्या दृश्याचे कौतुक करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसवावे, असा आजचा कायदा आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाने शिरस्त्राण घालावे, असेही त्यात आहे. आणि हे दोन्ही नियम पोलिसांसाठी केलेले नसून त्या पुढे उभ्या असलेल्या लेकरासाठी केलेले आहेत. अचानक ब्रेक लागला तर त्याच्या कपाळाशी हँडलाचे लोखंडच असते.

आमच्या मते खरी निवड त्या मागे बसणाऱ्या गृहिणीस विचारूनच व्हावयास हवी होती, आणि ती बहुधा तिला न विचारताच झाली. एका बाजूस पाय सोडून बसलेल्या माणसाचे वजनही एका बाजूसच पडते. डावीकडे पाय सोडून पत्नी बसली की व्हेस्पाचे उजवीकडील इंजिन आपोआप तोलले जाते, असे व्हेस्पाचे अभिमानी हसत सांगत. विनोद म्हणून तो ठीक आहे. चालत्या गाडीवर दर खड्ड्यास पदर सावरीत, एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा खांदा धरणाऱ्या स्त्रीस स्थिर गाडी कोणती असे विचारले असते, तर तिने लॅम्ब्रेटाकडे बोट दाखवले असते असे आम्हांस वाटते. पदर किंवा साडीचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी ही त्या काळातील सर्वांत मोलाची वस्तू होय. गाडी कोणतीही असो, जाळीवाचून ती घरी आणू नये, हे सांगणारा दुकानदार भला माणूस समजावा.

आता आमचे मत. शहरातल्या शहरात, दर दहा पावलांवर थांबत, अरुंद गल्लीतून, एकट्यानेच कामावर जावयाचे असेल, तर व्हेस्पा. ती हलकी, आखूड, वळावयास चपळ, आणि अडली तर आपल्या आपण सुटणारी. ज्याचा प्रवास गावाबाहेरून, लांब सरळ सडकेने, बहुधा दोघांनी मिळून व्हावयाचा असेल, त्याने लॅम्ब्रेटा घ्यावी. तथापि बुटक्या बांध्याच्या माणसाने दुकानात गाडी स्वतः स्टँडवर चढवून आणि उतरवून पाहिल्याशिवाय कोणतीच घेऊ नये. चढणीचा रस्ता, वेग, दिसण्याची ऐट यांवर त्या काळी फार बोलले गेले. १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटाने व्हेस्पास जगभर मिरवले हेही खरे. परंतु रोमच्या रस्त्यांवरून एक दिवस भटकणे निराळे आणि तीनशे दिवस सकाळी आठच्या भोंग्याला पोहोचणे निराळे.

येथवर आम्ही असे लिहिले, जणू काही ग्राहक दुकानात उभा आहे, त्याच्यापुढे दोन गाड्या मांडल्या आहेत आणि त्याने बोट दाखवावयाचाच अवकाश आहे. वस्तुस्थिती अशी नव्हती. लॅम्ब्रेटाची जुळणी मुंबईची ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५० नंतरच्या दशकात करू लागली. व्हेस्पा प्रथम १९४८ पासून बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या पेढीमार्फत परदेशातून येत असे. १९५९ साली त्याच घराण्यास येथे उत्पादन करण्याचा सरकारी परवाना मिळाला, आणि बजाज ऑटो या नावाने ती देशात बनू लागली. मात्र किती गाड्या बनवावयाच्या हे कारखान्याने नव्हे, सरकारने ठरवावयाचे. मागणी डोंगराएवढी आणि परवाना मुठीएवढा. परिणाम असा झाला की अनामत भरून नाव नोंदवावे आणि वर्षे मोजीत बसावे. पुढे पुढे तर बजाजच्या गाडीसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागले. लोक दोन्हीकडे नाव नोंदवीत, आणि जिचे पत्र आधी आले ती घेत. व्हेस्पाचे गुण आणि लॅम्ब्रेटाचे गुण यांवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या माणसाची निवड शेवटी टपालवाला करी.

ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी ‘ऑन’ होता. नंबर लागलेल्याकडून छापील किमतीच्या वर रोख रक्कम मोजून गाडी घ्यावयाची. रोजच्या पायपिटीने गांजलेल्या नोकरदाराचा त्यात काय दोष म्हणावा? परंतु नुसता नंबर विकून पैसा करणारी एक जातच त्यातून निर्माण झाली, आणि वस्तूची टंचाई माणसास हळूहळू कसे लबाड बनवते हे तीत दिसले. याहून वाईट गोष्ट घराघरांत घडली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि त्यानंतरच्याच वर्षांत लग्नाच्या बोलणीत स्कूटरचे नाव निघू लागले. रोख मागावयाची लाज वाटणाऱ्यांस गाडी मागावयाची वाटेना. मुलगी जन्मली त्याच वर्षी बापाने नंबर लावून ठेवावा, असे लोक थट्टेने म्हणत. त्या थट्टेत किती बापांचे रक्त आटले असेल!

दोन्ही गाड्यांचे पुढील भवितव्यही ग्राहकांच्या आवडीवर ठरले नाही. इटलीत इन्नोचेंतीने १९७१ साली लॅम्ब्रेटा बनवणे बंद केले. आपल्या सरकारने तो सारा यंत्रसंच विकत घेऊन लखनौ येथे १९७२ साली स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली, आणि तेथून लॅम्ब्रेटाचाच अवतार असलेली विजय सुपर ही गाडी निघू लागली. इकडे १९७१ सालीच बजाजचा पियाज्जोशी असलेला करार संपला. पुढच्या वर्षी त्याच घडणीची गाडी चेतक या नावाने बाजारात आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळताच ही इटालियन गांधीलमाशी पुरती देशी झाली. त्यानंतर १९७५ साली साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिने प्रिया आणली. म्हणजे एका वंशाचा कारखाना सरकारी, दूर उत्तरेत आणि ज्याची मूळ कंपनी बुडालेली असा. दुसऱ्या वंशाचे कारखाने पुण्या-साताऱ्यास, आणि सुटे भाग करणारे व मिस्त्री तालुक्या-तालुक्यात. विजय सुपर ही वाईट गाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिचा एखादा भाग गेला तर तो मिळेपर्यंत मालकाने पायी चालावे, आणि चेतकचा तोच भाग कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असावा, हे ज्याने एकदा अनुभवले, तो तोल आणि चाकांचे इंच विसरून गेला. लखनौच्या कारखान्याने १९९७ साली दुचाकी बनवणे थांबवले.

चेतकही टिकली नाही. १९८० नंतरच्या दशकात गिअर नसलेली, बटण दाबताच चालू होणारी कायनेटिक होंडा इंदूरजवळच्या पीथमपूर येथून निघू लागली, आणि डाव्या मुठीतील गिअरांची कसरत अनावश्यक ठरली. २००१ साली आलेल्या होंडाच्या ॲक्टिव्हाने तर घरातल्या स्त्रियांच्या हाती स्कूटर दिली. मागे बसणारी पुढे आली. या एका फेरबदलापुढे व्हेस्पा-लॅम्ब्रेटाचा सारा वाद आम्हांस लहान वाटतो. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले, आणि दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, चेतक हेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीस देऊन पुन्हा प्रवेश केला.

यातील गंमत अशी, की जिचा आपल्या देशात जय झाला तिची घडण मागे पडली, आणि जी हरली तिची घडण राहिली. आज रस्त्यावर धावणाऱ्या ॲक्टिव्हासारख्या गाडीची झाकणे काढून पाहा. आत नळीचा सांगाडा दिसेल, आणि पुढचे चाक दोन दांड्यांत धरलेले दिसेल. ही लॅम्ब्रेटाची रीत. पत्रा हाच सांगाडा ही व्हेस्पाची रीत आता खुद्द व्हेस्पापुरतीच उरल्यासारखी आहे. ती व्हेस्पा २०१२ पासून पियाज्जोच्या बारामती येथील कारखान्यात बनू लागली, परंतु तिच्याकडे लोक हौसेची वस्तू म्हणून पाहतात.

शेवटी, पडवीतील जुनी गाडी बाहेर काढणाऱ्या किंवा जुन्या बाजारात तिच्यावर पैसे टाकू पाहणाऱ्या तरुण वाचकांसाठी थोडे. रंगास भुलू नये. व्हेस्पा किंवा तिच्या वंशातील चेतक असेल, तर ती आडवी करून पायदानाच्या खालचा पत्रा अंगठ्याने जोराने दाबून पाहावा. तो दबला किंवा कुरकुरला, तर नवा पत्रा वितळजोड करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. लॅम्ब्रेटा किंवा विजय सुपर असेल, तर पाठीमागे दहा पावलांवर उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहावे, कारण नळी एकदा वाकली असेल तर ती झाकणांआड लपते. सुटे भाग आपल्या गावात कोण देतो याची चौकशी गाडी घेण्याआधी करावी, नंतर नव्हे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरतीच असते आणि पुढे ती दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. तेव्हा मागील नूतनीकरण झाले आहे काय हे विचारावे. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी अंक न् अंक ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, पैसे खिशातच ठेवावे आणि त्या दिवशी बसने घरी यावे.